छत्री घ्यावी की बॉक्स? स्टुडिओतल्या उजेडाबद्दल वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात पोर्ट्रेटच्या लायटिंगवर इतकी पत्रं आली की सदराची सगळी जागा त्यांनाच दिली आहे. फ्लॅशच्या तोंडाशी लावायच्या साहित्याला, म्हणजे सॉफ्टबॉक्स (तोंडावर पांढरा पडदा असलेली कापडी पेटी), छत्री, ब्यूटी डिश (धातूची उथळ थाळी), ग्रिड (उजेड बाजूला सांडू न देणारी जाळी) वगैरेंना, धंद्यात सगळे ‘मॉडिफायर’च म्हणतात. इथेही तोच शब्द ठेवला आहे. पत्रं लांब होती, मुद्द्यापुरती छापत आहोत.

नागपुरात, सक्करदऱ्यात नवीन स्टुडिओ टाकला आहे. खोली १० बाय १४ फूट, छत ९ फुटांवर, भिंती पांढऱ्या. ३०० वॅट-सेकंदाचे दोन फ्लॅश आहेत, दोन्हींवर ३३ इंची पांढऱ्या आरपार छत्र्या. चेहरे सपाट येऊन राहिले आहेत. बॅकग्राउंड काळं लावलं तरी फोटोत राखाडी दिसतं. दोनच मॉडिफायर घेता येतील एवढे पैसे आहेत. काय घेऊ?

निम्मा दोष छत्रीचा आहे, निम्मा खोलीचा. आरपार पांढऱ्या छत्रीतून काही उजेड पुढे माणसावर जातो आणि बराचसा उलटा फिरून मागच्या भिंतीवर, छतावर पडतो. तुमची खोली १० फूट रुंद, म्हणजे माणूस मधोमध बसला तरी दोन्हीकडच्या भिंती पाच पाच फुटांवर. त्या भिंती तिसऱ्या आणि चौथ्या दिव्याचं काम करतात. सावलीच्या गालावर उजेड येतो तो तिथूनच, आणि काळा पडदा राखाडी होतो तोही त्यामुळेच.

खात्री करून घ्या. एक फ्लॅश पूर्ण बंद करा, दुसरा आहे तसा ठेवून एक फोटो काढा. मग सावलीच्या बाजूला, चेहऱ्यापासून दोन फुटांवर, कुणाला तरी काळी चादर ताणून धरायला सांगा आणि कशालाही हात न लावता दुसरा फोटो काढा. दोन्हींत त्या गालाचा जो फरक दिसेल, तेवढा उजेड तुमची भिंत देत होती.

म्हणून पहिला खर्च कापडावर करा. १४ फुटांच्या एका भिंतीला ५८ इंच पन्ह्याचं काळं कापड तीन पट्ट्यांत बसतं. प्रत्येक पट्टी पावणेतीन मीटर, म्हणजे दुमडीसकट साडेआठ मीटर. गांधीबागेत घ्यायला जाल तेव्हा कापड दुकानाबाहेर उन्हात नेऊन तिरपं धरून बघा. क्रेप किंवा सॅटिनसारखं चमकलं तर नको. मखमल सगळ्यात चांगली, नाहीतर जाड सुती. भिंतीला ठोकू नका, पडद्याच्या कड्या लावून रॉडवर सोडा. पांढरी भिंत उपयोगाची असेल त्या दिवशी पडदा बाजूला सारता येतो.

आता मॉडिफायर. पहिला घ्या ९५ सेंटिमीटरचा ऑक्टाबॉक्स, म्हणजे आठकोनी सॉफ्टबॉक्स, आत एक आणि बाहेर एक असे दोन पडदे असलेला, कापडी ग्रिडसकट. १२० चा मोह होईल, कारण कॅटलॉगमध्ये तो जास्त ‘प्रोफेशनल’ दिसतो. पण ९ फुटी छताखाली उभ्या माणसासाठी तो वर चढवला की त्याची कड छताला भिडते आणि तुम्हाला हवा तसा तो वाकवता येत नाही. बसलेल्या माणसाच्या खांद्यापर्यंतच्या पोर्ट्रेटला ९५ पुरतो, अट एकच, तो जवळ हवा.

ही जवळ-लांबची गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण बहुतेक चुकीची खरेदी इथे होते. सावलीची कड मऊ पडते की कडक, हे चेहऱ्याच्या जागेवरून बॉक्स केवढा दिसतो त्यावर ठरतं. ६० सेंटिमीटरचा बॉक्स ६० सेंटिमीटरवर आणि १२० चा बॉक्स १२० वर, दोन्हींची सावली जवळपास सारखीच मऊ. तोच १२० चा बॉक्स तीन मीटरवर नेला की तो लहान दिवा झाला, मग त्याची किंमत काहीही असो. नवीन बॉक्स घेण्याआधी स्वतः स्टुलावर बसा, बॉक्सकडे बघा, आणि मग जुनाच बॉक्स निम्म्या अंतरावर आणून पुन्हा बसा. कित्येकांची खरेदी तिथेच टळते.

अंतराने बॅकग्राउंडही बदलतं. बॉक्स चेहऱ्यापासून १ मीटरवर आणि पडदा चेहऱ्याच्या दीड मीटर मागे असेल, तर पडद्यावर पोचणारा उजेड चेहऱ्यापेक्षा अडीच स्टॉपहून जास्त कमी असतो (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा, एक जास्त म्हणजे दुप्पट). बॉक्स २ मीटरवर नेला की हा फरक दीड स्टॉपच्या जरा वर एवढाच उरतो. काळा पडदा राखाडी होण्याचं दुसरं कारण हे. (मोठा बॉक्स अगदी चिकटून असेल तर हा हिशोब तंतोतंत लागत नाही, पण दिशा हीच.)

जागा अशी धरा: माणूस पडद्यापासून दीड मीटर पुढे, बॉक्स कॅमेऱ्याच्या रेषेपासून ४० ते ४५ अंश बाजूला, बॉक्सचा मध्य डोळ्यांच्या एक फूट वर. म्हणजे खालची कड साधारण हनुवटीच्या पातळीला येते. मग मॉडेलिंग लॅम्प, म्हणजे फ्लॅशमधला सतत जळणारा बल्ब, लावून फक्त नाकाच्या सावलीकडे बघा. ती गालाकडे तिरपी उतरली पाहिजे आणि वरच्या ओठाच्या आधी थांबली पाहिजे. ओठावर चढली तर दिवा फार उंच आहे, आडवी गालभर पसरली तर फार बाजूला. दोन्ही डोळ्यांत ठिपका दिसला पाहिजे, घड्याळात दहा किंवा दोन वाजले असतील तिथे. कॅमेरा १/१६० सेकंद, आयएसओ १००, एफ/८ पासून सुरू करा. दोन पडदे लावल्यावर उघड्या रिफ्लेक्टरच्या मानाने दोन ते तीन स्टॉप जातात, ग्रिडने आणखी सुमारे एक. एवढ्या जवळून ३०० वॅट-सेकंदाला हे सहज झेपतं.

दुसरा मॉडिफायर म्हणून आणखी एक बॉक्स घेऊ नका. फ्लॅशबरोबर आलेल्या ७ इंची रिफ्लेक्टरमध्ये बसणारा हनीकोंब ग्रिडचा संच घ्या. १०, २०, ३०, ४० अंश असे चार येतात. दुसरा फ्लॅश मागून केसांवर किंवा बॅकग्राउंडवर टाकायचा. दीड मीटर अंतरावर १० अंशाचा ग्रिड जेमतेम पाव मीटरचा गोल देतो, २० अंशाचा अर्ध्या मीटरचा, ४० अंशाचा एक मीटरच्या थोडा वर. केसांसाठी २०, बॅकग्राउंडच्या गोलासाठी ३० किंवा ४०. सावलीच्या बाजूला भरायला दिवा लागतच नाही. फ्लेक्सवाल्याकडून पांढरा सनबोर्ड (फोमचा हलका, ताठ बोर्ड) आणा, ५ मिमीचा उभा केला की वाकतो म्हणून मागे लाकडी पट्टी मारा, दुसऱ्या बाजूला मॅट काळा रंग द्या. पांढरी बाजू चेहऱ्याकडे केली की सावली उघडते, काळी केली की गडद होते.

दुकानात जाताना स्वतःचा फ्लॅश बरोबर न्या. बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी २०१७ मध्ये बंद झाली, पण तिचा एस माउंट (फ्लॅशला मॉडिफायर अडकवायची जागा) आज कित्येक कंपन्या वापरतात, त्यामुळे ‘बोवेन्स फिटिंग’ म्हटलं की काम भागतं असं वाटतं. प्रत्यक्षात रिंगच्या तीन दाढा स्वस्त मालात सैल किंवा अतिघट्ट निघतात. बसवून, फिरवून, लॉकचा आवाज ऐकून, मग बॉक्सची कड हाताने हलवून बघा. रिंग धातूची घ्या. प्लास्टिकची रिंग मॉडेलिंग लॅम्पच्या उष्णतेने हळूहळू वाकडी होते आणि एक दिवस बॉक्स मान टाकतो.

बॉक्स घरी आला की एक परीक्षा करा. फ्लॅश सगळ्यात कमी पॉवरवर, एफ/१६ किंवा एफ/२२, आणि कॅमेरा सरळ बॉक्सच्या तोंडाकडे धरून त्याचाच फोटो काढा. बॉक्सचा पडदा गडद येईल इतकं एक्स्पोजर कमी ठेवा. मधोमध पांढरा गोळा आणि कडा करड्या दिसल्या तर तुमचा ९५ चा बॉक्स प्रत्यक्षात ४० चाच आहे. मध्य आणि कड यांत अर्ध्या स्टॉपच्या आत फरक असेल तर माल उत्तम. एक स्टॉपपर्यंत चालवून घेता येतो. त्यापुढे गेला तर आधी आतला पडदा लावला आहे ना ते बघा. तो काढून ठेवणारे खूप आहेत.

महालात माझं ब्राइडल पोर्ट्रेटचं काम आहे. चांदीच्या रंगाची ४० इंची छत्री वापरते. शालूची जर भगभगते, सोनं मात्र जागोजागी काळं दिसतं, आणि नवरी सावळी असली की चेहरा तेलकट येतो. घरची माणसं वरून म्हणतात, थोडी गोरी करा. कोणता मॉडिफायर घेतला तर हे सुधारेल?

तिन्ही तक्रारींचं मूळ एकच आहे, म्हणून आधी ते सांगतो. जर, सोनं आणि घामेजलेली त्वचा या तिन्ही गोष्टी थोड्याफार आरसा असतात. आरशात समोर जे आहे ते दिसतं. समोर लहान आणि प्रखर छत्री असेल तर जरीच्या प्रत्येक तारेत एक प्रखर ठिणगी दिसते. थुशीच्या ज्या मण्यासमोर छत्री येत नाही, त्यात तुमची अंधारी खोली दिसते, ती काळी. सोनं काळं नसतं, त्याला दाखवायला समोर काही उजळ दिलेलं नसतं.

म्हणून इथे मोठा आणि शांत पृष्ठभाग हवा. १२० ते १५० सेंटिमीटरचा दोन पडद्यांचा ऑक्टाबॉक्स, किंवा ६० इंची, आतून पांढरी, बाहेरून काळी छत्री आणि तिच्या तोंडाला ताणून लावायचा पांढरा पडदा. दुसरा पर्याय निम्म्याहून कमी पैशांत होतो आणि ब्राइडलच्या कामाला आम्ही तोच आधी सुचवू. चांदीरंगी छत्री विकू नका, पण नवरीसाठी ती नको. त्वचेवर जेवढा उजेड पडायचा तेवढाच पडू द्यायचा, तो मोठ्या पृष्ठभागावरून आला की पृष्ठभागाची स्वतःची चमक कमी असते, आणि त्यामुळे गालावर, जरीवर उमटणारी त्याची प्रतिमाही सौम्य पडते. एरवी जिथे पांढरा डाग यायचा तिथे रेशमासारखी लकाकी येते.

छत्री बसवताना एक बारीक गोष्ट. दांडा फ्लॅशमध्ये किती सरकवला आहे यावर छत्री भरते की नाही ते ठरतं. मॉडेलिंग लॅम्प लावून बघा. उजेड कडांपर्यंत पोचला पाहिजे, पण कडेबाहेर सांडता कामा नये. ७ इंची खोल रिफ्लेक्टर तसाच ठेवून ६० इंची छत्री लावली की मधलाच भाग उजळतो, म्हणून छत्रीसाठीचा उथळ, रुंद रिफ्लेक्टर लावा. दांडे ८ मिमी आणि १० मिमी असे वेगवेगळे येतात, फ्लॅशचं भोक मोजून घ्या.

दिवा सव्वा ते दीड मीटरवर ठेवा, डोक्यापासून कमरेपर्यंत सारखा उजेड येईल असा. मग २ बाय ३ फुटांचा पांढरा सनबोर्ड कमरेच्या उंचीला, फ्रेमच्या जरा खाली, वरच्या बाजूला तिरपा धरा. तो हळूहळू फिरवताना चपलाहाराकडे बघत राहा. एका कोनात सगळे पदर एकदम उघडतात. तिथे थांबा आणि बोर्ड पक्का करा. हनुवटीखाली फार उजेड येत असेल तर बोर्ड चार बोटं खाली घ्या.

नथीकडे वेगळं लक्ष हवं. दिवा उंच असला की नथीची सावली वरच्या ओठावर पडते आणि छापील फोटोत ती मिशीसारखी दिसते. दिवा सहा इंच खाली आणा किंवा नवरीला नथीच्या बाजूनेच दिव्याकडे किंचित वळवा. नथीच्या मोत्यात दिव्याचा आकार उमटतो. ऑक्टा किंवा छत्री असेल तर मोत्यात गोल ठिपका येतो आणि मोती मोत्यासारखा दिसतो. चौकोनी बॉक्स असेल तर प्रत्येक मोत्यात एक खिडकी. मोठ्या प्रिंटमध्ये हे डोळ्यांत भरतं.

आता गोरं करण्याबद्दल. हे करू नका, आणि का करू नये ते घरच्यांना स्क्रीनवर दाखवा. एक्स्पोजर एक स्टॉप वाढवलं की चेहऱ्याआधी जर फाटते, तिचा सोनेरी रंग जाऊन पांढरे ठिपके उरतात, आणि शालूचा गडद रंग फिका पडतो. लाखाच्या घरात गेलेल्या शालूचा रंग उडालेला कुणालाच आवडत नाही. उजेड मोजायचा फ्लॅश मीटर हनुवटीखाली, त्याचा पांढरा घुमट दिव्याकडे करून वाचन घ्या आणि तेच ठेवा. मीटर नसेल तर चेहऱ्याशेजारी ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचं कार्ड) धरून एक फोटो काढा आणि त्यावरच एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स दोन्ही पक्के करा. सावळ्या चेहऱ्याचं देखणेपण गालाच्या हाडावरच्या लकाकीत असतं, आणि ती लकाकी एका बाजूने आलेला मोठा उजेड देतो. मागून ३० बाय १२० चा उभा स्ट्रिपबॉक्स, ग्रिड लावून, मुख्य दिव्यापेक्षा अर्धा ते एक स्टॉप कमी ठेवला की जबड्याची आणि अंबाड्याची कड मागच्या पडद्यातून सुटून पुढे येते. नवरी आहे त्या रंगात सुंदर दिसते, आणि तसं दाखवणं हे आपल्या हातातलं कौशल्य आहे.

धरमपेठेतून: चष्म्यावर बॉक्सचा पांढरा चौकोन येतो. काच काढलेली फ्रेम वापरावी का?

नको. त्या माणसाचा चेहरा त्याच्या काचांसकट ओळखीचा असतो. प्रकाश ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो, एवढंच इथे सांभाळायचं आहे. दिवा अर्ध्या अर्ध्या फुटाने वर घ्या आणि प्रत्येक वेळी कॅमेऱ्याच्या जागेवरून बघा. बाजूला उभं राहून बघून उपयोग नाही. मग हनुवटी एक बोट खाली. मग चष्म्याच्या काड्या कानावरून पाच-सहा मिलिमीटर उचलून ठेवा, काचा खाली झुकतात आणि फोटोत कुणाला कळत नाही. तरीही राहिलं तर चेहरा दिव्यापासून किंचित पलीकडे वळवा. दिव्याकडे वळलेला चेहरा हाच बहुतेक वेळा गुन्हेगार असतो. इथे मोठा बॉक्स अडचणीचा ठरतो, कारण त्याला लपायला जागा लागते, म्हणून चष्म्यासाठी ६० सेंटिमीटरचा बॉक्स हाताशी असू द्या. काचा खाली झुकवल्यावर समोरचा सनबोर्ड त्यात दिसू लागतो, तोही तपासा.

उन्हाळ्यात कूलर लावला की छत्री डोलते, बंद केला की गिऱ्हाईक घामाघूम. बॉक्सचं वेल्क्रो दर मे महिन्यात सुटतं. इलाज सांगा.

पारा ४५ च्या घरात गेल्यावर नागपुरात कूलर बंद ठेवून पोर्ट्रेट होत नाही, तेव्हा मांडणीच त्याप्रमाणे करायची. कूलरचा झोत माणसाच्या मागून किंवा बाजूने, दिव्याच्या विरुद्ध दिशेकडून येऊ द्या, आणि फोटोच्या क्षणी पंख्याचा वेग कमी करा. छत्रीला वारा सगळ्यात जास्त धरतो. बंद बाजूंचा बॉक्स त्या मानाने स्थिर असतो, म्हणून एप्रिल ते जूनमध्ये बॉक्स वापरा. स्टँडचा एक पाय बॉक्सच्या खाली, वजनाच्या दिशेने ठेवा आणि त्याच पायावर पाच-सहा किलो रेतीची पिशवी टाका. कूलरच्या ओलाव्याने कागदी बॅकग्राउंडला लाटा येतात, तो रोल रात्री गुंडाळून उभा ठेवा. आडवा ठेवला की मधून झुकतो.

मॉडेलिंग लॅम्प १५० वॅटचा साधा बल्ब असेल तर तो बंद बॉक्समध्ये तासभर पूर्ण तेजावर ठेवणं धोक्याचं आहे. दिवा बसवताना आणि फोकस करताना लावा, मग मंद करा. बॉक्सच्या मागच्या बाजूला हवा जायच्या झडपा असतील तर उघड्या ठेवा. पडदा फाटला म्हणून बटर पेपर लावणारे आहेत, तो बल्बजवळ पेट घेऊ शकतो. दिव्यावर लावायचं रंगीत जिलेटिनसुद्धा बल्बला टेकू देऊ नका. नवीन फ्लॅश घेणार असाल तर एलईडी मॉडेलिंग लॅम्पचा घ्या, आपल्या हवेत त्याचा फायदा पहिल्याच उन्हाळ्यात दिसतो.

वेल्क्रो सुटतं ते डिंकामुळे. पुन्हा चिकटवू नका, बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून चारी बाजूंनी शिवून घ्या. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत बॉक्स ठेवू नका, एका दुपारीत डिंक पाघळतो.

घामाला टिश्यू पेपर दाबायचा, घासायचा नाही. सिलिका असलेली पारदर्शक पावडर फ्लॅशमध्ये पांढरी फुटते, डोळ्यांखाली तर हमखास. एक टेस्ट फोटो काढून मगच सगळ्या चेहऱ्याला लावा.

तान्ह्या पोळ्याला मुलं लाकडी नंदी घेऊन फोटोला येतात. एक मिनिट जागेवर थांबत नाहीत. डिश लावू की बॉक्स?

यातलं काही नको, मोठी छत्री लावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रांग लागलेली असते, प्रत्येक मुलासाठी दिवा हलवायला वेळ नसतो, आणि ब्यूटी डिशची चांगली जागा जेमतेम हातभर असते. मूल एक पाऊल सरकलं की डिशचा उजेड बिघडला. ६० इंची पांढरी छत्री अडीच ते तीन मीटरवर, सात फूट उंच. अंतर मुद्दाम जास्त ठेवायचं. दिवा १ मीटरवर असताना मूल अर्धा मीटर मागे सरकलं तर सव्वा स्टॉपच्या आसपास फरक पडतो, तेच ३ मीटरवर असताना अर्ध्या स्टॉपहून कमी. सावली थोडी कडक होईल, होऊ द्या. मुलाचं हसू पकडलेलं महत्त्वाचं. भावंडांच्या किंवा आजी-आजोबांसकट ग्रुपच्या फोटोलाही हेच गणित.

नंदीला वॉर्निश असतं, त्याच्या पाठीवर छत्रीच्या काड्यांसकट ठिपका येतो. नंदी पाच-दहा अंश फिरवला की तो जातो. जमिनीवर टेपची फुलीसारखी खूण करा, नंदी तिथे ठेवा. मूल आपोआप नंदीजवळ येऊन उभं राहतं. आणि त्या दिवशी रेतीची पिशवी दोन्ही स्टँडवर हवीच, वायर टेपने जमिनीला चिकटवलेली हवी. मुलं धावतात.

थोडक्यात उत्तरं

कामठीच्या वाचकांना: ५५ सेंटिमीटरची ब्यूटी डिश आणि ६० चा बॉक्स यांत आधी बॉक्स घ्या. डिश अर्धा ते पाऊण मीटरवर ठेवली तरच तिचा तो विशिष्ट उजेड येतो, गालाची हाडं उठून दिसतात आणि मुरमांचे खड्डेही. दीड मीटरच्या पुढे ती साधा लहान दिवा होते. मेकअप आर्टिस्टचं काम मिळू लागलं की घ्या.

उमरेडहून आलेल्या प्रश्नाला: पासपोर्ट फोटोसाठी दोन ४० इंची छत्र्या, दोन्हीकडे ४५ अंशांवर, सारख्या अंतरावर आणि सारख्या पॉवरवर. इथे सपाट उजेडच हवा. माणूस पांढऱ्या पडद्यापासून किमान एक मीटर पुढे असला की कानामागची सावली पडद्यावर येत नाही.

वर्ध्याहून विचारलं आहे, एलईडी लाइटला हाच बॉक्स चालेल का. माउंट जुळत असेल तर चालतो. पण दोन पडद्यांमागे एलईडीचा उजेड इतका उतरतो की आयएसओ ८०० किंवा १६०० वर जावं लागतं, आणि हलणारं मूल पुसट येतं. पोर्ट्रेटचे फोटोच काढायचे असतील तर फ्लॅश, व्हिडिओही करायचा असेल तर एलईडी.

नागपुरातल्या सदर भागातून: एकाच वेळी घेतलेले दोन बॉक्स, एकाचा उजेड आता पिवळट येतो. पडदा धुवून फरक पडेल का?

पिवळा कशामुळे पडला त्यावर आहे. बल्बच्या उष्णतेने कापड मधोमध पिवळं पडलं असेल तर धुवून जात नाही, पडदा बदलावा लागतो, आणि बदलायचा तर दोन्ही बॉक्सचे एकदम बदला. नुसती धूळ असेल तर निघते. दोन्ही पडदे काढून खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी धरा. डाग मधे जास्त आणि कडेला कमी असेल तर उष्णता, सगळीकडे सारखा असेल तर धूळ.

धुताना कोमट पाणी, कपभर पाण्याला दोन थेंब भांड्यांचा साबण, हाताने दाबून. कपड्यांची पावडर वापरू नका. तिच्यात कापड पांढरंशुभ्र दाखवणारी रसायनं असतात, ती फ्लॅशमधल्या अतिनील किरणांनी निळसर चमकतात, आणि मग पिवळ्याच्या जागी निळा चेहरा येतो. नीळ तर चुकूनही नाही. पिळू नका, पंच्यात गुंडाळून पाणी टिपा आणि सावलीत वाळवा, मे महिन्यात तासाभरात वाळतो. परत लावल्यावर दोन्ही बॉक्ससमोर एकाच ग्रे कार्डचा एकेक फोटो, व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर पक्का ठेवून काढा आणि शेजारी ठेवून बघा. अजूनही फरक दिसला तर जास्त पिवळा बॉक्स केसांच्या दिव्याला द्या, तिथे तो खपून जातो, आणि चेहऱ्यासाठी नवा पडदा मागवा.